लांब नळीचं भिंग

अनसिंग, २६ फेब्रुवारी १९७८

राजे,

तुले पंचफुलाचा नमस्कार. लग्न करून अमरावतीले गेली अन् आठ महिन्यांत एक पत्र नाई. जाऊ दे, मीबी कुठं लेहलं! आज काम पडलं म्हून लेहून राह्यली. जानरावमामा कोर्टाच्या कामानं तिकडं येऊन राह्यले, त्याईच्या हाती हे पत्र, दीडशे रुपये अन् माह्या लहानपनचं चांदीचं कडं पाठवून राह्यली. कडं तुह्यासाठी नाई, हरकून जाऊ नोको.

झालं असं. आमची टूरिंग टॉकीज तुले ठाऊक हाये. एक तंबू, एक जनरेटर, एक सोळा एमएमचं मशीन. वावरातली कामं सरली का बाबा बैलबंडीवर सारं लादतात अन् बाजार-जत्रा फिरतात. बाबा तिकिटं फाडतात, मशीन मी चालवते. मांगच्या सोमवारी वाशीमवरून वापस येत होतो. बाबाले भेव वाटलं का गचक्यानं मशीनचं भिंग फुटन. म्हून त्याईनं ते काढलं, फडक्यात गुंडायलं अन् सदऱ्याच्या खिशात ठेवलं. नाक्यावर लग्नाचा ब्यांड वाजला, ढवळ्या बुजाडला, बंडी कलंडली. पेटी धड. जनरेटर धड. बाबाबी धड. पन बाबा पडले ते खिशावरच!

राजे, भिंगाबिगर मशीन म्हंजे खडखड करनारा कंदील. उजेड पडते, चित्र नाई. अन् सोळा एप्रिलले रामनवमी, पोहरादेवीची जत्रा! तथल्या तांड्याच्या भाऊसिंग नाईकानं तंबूले जागा देल्ली हाये. रिसोडचा मारोतराव पीठगिरणीवाला जनरेटरवर डोळा ठेवून हाये. तो म्हनते, "जनरेटर गिरणीले लावतो, मशीन माळ्यावर टाकतो." आई त्याच्याच बाजूनं. बाबाईनं सांगून टाकलं का जत्रेत खेळ झाला तं ठीक, नाई तं दुसऱ्या दिवशी सारं मारोतरावले. मशीन माळ्यावर गेलं तं मी काय करू? मले भाकरी थापता येतात, धुनं येते, सारं येते. पन अंधारात दोनशे मानसं एकदम हसतात ना, तवा माह्या अंगावर काटा येते. ते मले कुठं भेटन?

नवीन भिंग लय महाग हाये म्हनतात, दीडशेत येत नाई. जुनं पाहा लागन. फुटक्या भिंगाची नळी या कड्यात बराबर बसते. जी नळी यात ढिली नाई अन् घट्टबी नाई, ती आपली. आमच्या जावईबुवाले सांग ना. तुमचं कापडाचं दुकान सिनेमावाल्याईच्या कचेऱ्याईसमोरच हाये, असं तुह्या बाबानं सांगतलं.

तुही,
पंची


अमरावती, ४ मार्च १९७८

प्रिय पंचे,

मामा येऊन गेले. रुपये आणि कडं पोचलं. किती दिवसांनी "राजे" म्हणून कोणी हाक मारली! इथं सगळे "बिनणी" म्हणतात, म्हणजे सूनबाई.

हे सुरतेला गेलेत, लग्नसराईचा माल आणायला. महिनाभर तरी येत नाहीत. पण तू काळजी करू नकोस. मी आहे ना! आमचं घर दुकानाच्या वरच आहे. खिडकी उघडली की समोर कचेऱ्या, भिंतीभर पोस्टरं. खाली डबे येतात आणि जातात, डब्यांत सिनेमे. मी बाजारात एकटीच जाते-येते, सगळे ओळखतात. सासूबाईही फार मायाळू आहेत. उद्याच जाते आणि भिंग बघून तुला कळवते.

तुझी,
राजमती


अनसिंग, १२ मार्च १९७८

राजे,

"उद्याच जाते" म्हनली अन् आठ दिवस झाले! मी रोज पोस्टात जाऊन बसते. पोस्टमन मले पाहून सायकल वळवते.

तू आता शहरातली सेठानी, एकटी बाजार फिरनारी. तुले कायचं भेव? म्हून मोकळ्यानं सांगते, नीट आयक. आपल्या भिंगावर दोन इंच लेहलं होतं. तेच भेटलं तं सोनं. भिंग खिडकीकडं धरून आरपार पाहायचं. चरे असले तं एखादा चालते. पन आतून जाळ्यावानी पांढरं दिसलं तं ती बुरशी. ते फुकट देल्लं तरी घेऊ नोको. नळीचे आटे फिरवून पाह्य.

मारोतराव काल येऊन मशीन पाहून गेला. पाहून काय, त्यानं पेटीवर पान खाऊन चुना पुसला. मी म्हनलं, "काका, हे तुमच्या गिरणीचं जातं नाई." आईनं मले आत बलावलं अन् चिमटा काढला. निळं पडलं हाये.

लवकर लेह्य वो माय.

पंची


अमरावती, १९ मार्च १९७८

पंचे,

मागच्या पत्रात मी निव्वळ थापा मारल्या. एकटी बाजारात? अगं, आठ महिन्यांत मी जैन मंदिराशिवाय कुठं गेले नाही, आणि तिथंही सासूबाईंच्या मागं मागं. सूरजबाईंचं नाव काढलं की दुकानातले गुमास्ते उभे राहतात. सासरे गेल्यापासून सगळं दुकान त्यांनीच चालवलं. पांढरं लुगडं, हातात किल्ल्या, आणि बोलणं मोजकंच. मी त्यांच्यासमोर पाणी पितानासुद्धा ठसकते. तुला हे लिहायची लाज वाटली.

आता काय झालं ते वाच आणि हसू नकोस. नाही, हसच!

तुझं कडं मी ट्रंकेत ठेवलं होतं. सासूबाईंनी लोकरीची शाल ठेवायला ट्रंक उघडली. बाहेर काय आलं? बाळाचं कडं! त्यांनी ते हळूच परत ठेवलं. पण त्या दिवसापासून मला ताटात डिंकाचा लाडू. बादली उचलू देईनात. मंदिराची पायरी चढताना माझा हात धरला, पंचे, हात! मला वाटलं, आपल्या सासूबाईंना देवानं बुद्धी दिली. एके दिवशी शेजारच्या कमलीबाई आल्या आणि माझ्या पोटाकडं बघून म्हणाल्या, "कोणता महिना?"

माझ्या हातातला लाडू खाली पडला. त्या गेल्यावर मी सासूबाईंच्या पायाशी बसले आणि रडत रडत सांगितलं, "तसं काही नाही. ते कडं काचेच्या मापाचं आहे."

"कसली काच?"

मी घाबरून म्हणाले, "मैत्रिणीच्या बाबांच्या चष्म्याची."

त्यांनी कडं हातात घेतलं. डोळ्याला लावून माझ्याकडं पाहिलं. "इतका मोठा चष्मा? तुझ्या मैत्रिणीचा बाप हत्ती आहे?"

आणि हसल्या! आठ महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांचे दात पाहिले. मग मी सगळं सांगून टाकलं. तुझं मशीन, बाबांचा खिसा, मारोतरावांचा चुना. त्या गंभीर झाल्या. मला वाटलं, आता सिनेमाचं नाव काढलं म्हणून बोलणी खावी लागणार. तर म्हणाल्या, "सौदा करायचा आहे आणि मला विचारलं नाहीस? चप्पल घाल."

कचेऱ्यांच्या मागं दौलतसिंग म्हणून एक म्हातारे आहेत, जुनी मशीनं दुरुस्त करतात. खोलीभर चाकं, पट्टे, रिळं. आम्ही दोघी बायका बघून ते आधी चहाच सांगायला निघाले. सासूबाईंनी कडं पुढं केलं. "यात बसेल ते दाखवा."

तीन निघाली. पहिलं कोरं, दोन इंची, कागदात गुंडाळलेलं. किंमत ऐकून मी परत कागदात ठेवलं. दुसरं दोन इंचीच, पण जुनं. दीडशेपेक्षा कितीतरी कमी! मी तर घेतलंच होतं. मग तुझं आठवून खिडकीकडं धरलं. आत पांढरं जाळं. मी म्हणाले, "यात बुरशी आहे." दौलतसिंगांच्या भुवया वर गेल्या. सासूबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला उंच झाल्यासारखं वाटलं.

तिसरं चार इंची. लांब नळी, कड्यात अगदी बरोबर बसते, काच विहिरीच्या पाण्यासारखी. पण त्याची गंमत अशी की दोन इंची भिंग जेवढ्या अंतरावरून जेवढं चित्र पाडतं, त्याच्या निम्मं हे पाडतं. तेवढंच मोठं चित्र पाहिजे तर मशीन दुप्पट लांब न्यावं लागतं.

"बघून घ्यायचं," सासूबाई म्हणाल्या. "कापडाचं थान उलगडल्याशिवाय आम्ही विकत नाही, न बघता घेतही नाही." मग दौलतसिंगांनी खिडक्या लावल्या, भिंतीवर चादर टांगली आणि एका फाटक्या रिळाचा तुकडा लावला. नदीत म्हशी डुंबतायत, बस एवढंच. बुरशीवाल्या भिंगातून नदी कुठली आणि म्हैस कुठली कळेना. मग लांब नळीचं लावलं. चित्र टॉवेलाएवढं. पण पंचे, म्हशीच्या कानावरचा थेंब दिसत होता!

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "हिनं डोळा मिचकावला!" त्यांनी जन्मात सिनेमा पाहिलेला नव्हता. "परत दाखवा," म्हणाल्या. दौलतसिंगांनी परत दाखवलं. मग परत. शेवटी ते म्हणाले, "बाईसाहेब, बल्ब जळेल."

त्या भिंगाचे ते सव्वादोनशे सांगतात. अजून घेतलेलं नाही, कारण तंबू केवढा ते मला माहीत नाही. मशीन दुप्पट लांब ठेवता येईल का? लगेच कळव. आणि मला आता लाडू मिळत नाहीत, पण रोज जेवताना सासूबाई विचारतात, "अनसिंगचं पत्र आलं?"

राजी


अनसिंग, २६ मार्च १९७८

राजे, राजे, राजे!

तुहं पत्र मी आईले वाचून दाखवलं अन् आई भाकरी तव्यावर इसरून हसली. हत्ती म्हनल्यावर बाबाबी हसले, पन जरा उशिरानं.

काल धुळवड होती. सारे रंग खेळून राह्यले होते अन् मी अन् बाबा दोरी घेऊन वावरात. तंबूची लांबी साठ फूट. मशीन ठेवते ते पडद्यापासून पन्नास फुटावर. चार इंची भिंग लावलं तं शंभर फूट पाह्यजे. म्हंजे मशीन तंबूच्या बाहेर चाळीस फूट!

बाबा म्हनले, "मशीन बाहेर अन् सिनेमा आत? लोक हसतीन." मी म्हनलं, "हसाले तं येतात." बाबा म्हनले, "उजेड तंबूत जाईन कुठून?" मी म्हनलं, "दारातून. दार उघडं ठेवू." "मंग फुकटे पाहतीन!" "पाहू द्या." "मधातून मानूस गेला तं?" याच्यावर मी बंडीकडं पाह्यलं. मंग सुचलं का मशीन बंडीवर ठेवू, चाकाईखाली दगडं लावू, उजेड डोक्याईवरून जाईन. बाबा दोरी गुंडायत बसले अन् मंग हळूच म्हनले, "बंडीवरून एकदा पडलं ना वो पोरी ते." मले कसंतरी झालं. मी म्हनलं, "बाबा, या वख्ती बैल सोडून ठेवू."

भाऊसिंग नाईक बाजारात भेटले. त्याईले इचारलं, तं म्हनले, "जागा लांब पाह्यजे का? माळ पडला हाये साऱ्या तांड्याएवढा."

तवा राजे, लांब नळीचंच घे. पन सव्वादोनशे कुठून आनू? दीडशेच हायेत. तुह्या सासूबाईले माहा दंडवत सांग अन् म्हन, काई करा.

पंची


अमरावती, ३ एप्रिल १९७८

पंचे,

घेतलं! दीडशेच्या आत!

सौदा असा झाला. सासूबाई दौलतसिंगांच्या खोलीत बसल्या आणि विचारलं, "हे भिंग किती वर्षं पडून आहे?" ते म्हणाले, "असेल सात-आठ वर्षं." "का पडून आहे?" "एवढा लांब हॉल कोणाचा नसतो." "म्हणजे गिऱ्हाईक नाही. मग एवढी वर्षं तुमच्या फळीवर फुकट राहिलं, त्याचं भाडं कोणी दिलं?" दौलतसिंग म्हणाले, "बाईसाहेब, भिंगाकडून भाडं कोण घेतं?" "मग आम्ही नेतो, तुमची फळी रिकामी होते, ते बघा." त्यांनी कपाळाला हात लावला, आणि शेवटी काच पुसायचं मऊ कातडंही वर दिलं.

आता मोठी बातमी. मी पार्सल शिवायला बसले तर सासूबाईंनी सुई हातातून काढून घेतली. "काच टपालानं? मुळीच नाही. मी स्वतः नेते." मी म्हणाले, मीही येते. तर म्हणाल्या, "दोघी गेलो तर दुकान कोण बघणार? लग्नसराई आहे. तू गादीवर बस."

मी! गादीवर! मी नको नको म्हणत होते. पण त्यांनी किल्ल्या माझ्या कमरेला खोचल्यासुद्धा. त्या चौदा तारखेला गाडीनं निघतात, सोबत मुनीमजी. स्टेशनवर घ्यायला ये. त्या सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, पाणीही गाळून पितात, हे आईला सांग. आणि भिंग त्या खिशात ठेवणार नाहीत, हे बाबांना सांग.

राजी


अनसिंग, १८ एप्रिल १९७८

राजे,

आता आयक. मी आज सकायपासून तीनदा लेहाले बसली अन् तीनदा हसून उठली.

सूरजबाई गाडीतून उतरल्या ते भिंग पोटाशी धरून, जशी काई नात आनली. बाबा पाया पडाले गेले तं म्हनल्या, "दूर राहा, तुमचा भरवसा नाही!" पोहरादेवीपर्यंत बंडीत बसल्या, पाठीले उशी नाई का काई नाई. आईनं दिवस असतानाच त्याईले जेवू घातलं. दोघी बोलत बसल्या. मले वाटलं, आई मशीन इकाची गोष्ट काढन. पाहतो तं आई त्याईले आपल्या भावाले भेटलेला हुंडा सांगून राह्यली अन् त्या आईले लुगड्याचा पोत.

माळावर मानसंच मानसं. नगारे, नारळं, तांड्या-तांड्याच्या बायाईचे आरशाचे घागरे. आमी तंबू ठोकला, दार उघडं ठेवलं, बंडी बाहेर लावली, बैल दूर बांधले. दिवेलागणी झाली. मी भिंग बसवलं. घाईघाईत आटे जुळेनात. सूरजबाई बाजूले येऊन म्हनल्या, "थान फाडताना हात हलला तर कापड वाया जातं. श्वास घे." घेतला. बसलं. जनरेटर सुरू केला, बटन दाबलं.

राजे, काय सांगू! पडदाभर चित्र, अन् इतकं साफ का हिरोच्या दाढीचे खुंट मोजून घ्या. मशीनची खडखड बाहेर राह्यली, तं आतमंधी बोलनं कसं घंटीसारखं आयकू आलं. मी रडून राह्यली होती का हसून, मलेच कळेना.

अन् तेवढ्यात एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन बंडीजवळच्या उंचवट्यावरून चालली. पडद्यावर तिची सावली! हिरोईनीच्या तोंडावर हे मोठं गाठोडं! लोकाईले वाटलं सिनेमातच हाये. टाळ्या पडल्या. बाई थांबून पाहाले लागली का टाळ्या कायच्या, तं गाठोडं तथीच थांबलं. मंग काय, साऱ्या जत्रेले कळलं. एक जन येऊन पागोटं हालवते, दुसरा हाताचा मोर करते, कोनी लेकरू उचलून धरते. हिरोच्या खांद्यावर मोर! बाबा डोकसं धरून खाली बसले. मी ओरडली तं कोन आयकते?

तवा सूरजबाई उठल्या. हातात मुनीमजीची छत्री. उंचवट्यावर चढल्या अन् अशा कडाडल्या, "ए पागोटेवाले! बैठ नीचे! ए मोर! तुझ्या घरच्यांना सांगू?" राजे, तो मोर बसला! सारे बसले. त्या पूर्ण खेळ तथीच उभ्या होत्या, छत्री तलवारीवानी धरून. भाऊसिंग नाईक काठी घेऊन आले होते, तं त्याईनं सूरजबाईले पाहून काठी खाली ठेवली अन् सोता बसले.

दुसऱ्या खेळाच्या आंधी त्या बाबाले म्हनल्या, "बाहेर उभे आहेत त्यांना फुकटे का म्हणता? अर्धं तिकीट लावा आणि तंबूची मागची कनात काढून टाका." बाबाईनं काढली. अर्धी जत्रा आत, अर्धी बाहेर. लोकं मशीनच्याही मांगं बसले. तिकिटं फाडता फाडता बाबाचं बोट सुजलं. तिकिटाले कोन मदत करून राह्यलं, पाहतो तं मारोतराव! गिरणीचा सौदा कराले आला होता. म्हनला, "एवढी गर्दी गिरणीवर कधी नाई झाली." अन् आई, राजे, आई पयल्या रांगेत बसून हिरोईनीच्या मायसाठी अशी रडली का बाजूच्या बाईनं तिले पदर देल्ला.

काल घरी आल्यावर बाबा म्हनले, "मारोतरावले नाई म्हनून सांगतलं." आईनं चुलीत लाकूड सारलं. चुलीकडं तोंड करून इतकंच म्हनली, "पंचे, पुढचा बाजार कुठं हाये आपला?"

आपला म्हनली, राजे.

तुही,
पंची


अमरावती, २७ एप्रिल १९७८

पंचे,

तुझं पत्र मी गादीवर बसून वाचलं. हो, गादीवर! पहिल्या दिवशी मी एका नवरीला शालू दाखवताना तिच्यापेक्षा जास्त घाबरले होते. नवरीच म्हणाली, "ताई, तुम्ही बसा." तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं भाव पाडायला सुरुवात केली आणि माझ्या तोंडून निघालं, "काका, हे थान फळीवर फुकट राहत नाही." गुमास्ते एकमेकांकडं बघायला लागले.

सासूबाई परत आल्या. मी किल्ल्या पुढं केल्या. त्यांनी घेतल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्याकडंच राहू दे, माझी कंबर दुखते." कंबर कसली दुखते! पूर्ण खेळभर उंचवट्यावर उभ्या होत्या म्हणतेस.

हे सुरतेहून आले. त्यांना काहीच कळेना, आईच्या तोंडी म्हशी काय, मोर काय, आणि बायको गादीवर. विचारतात, "मी किती वर्षांसाठी गेलो होतो?"

आणि काल दुपारी काय झालं ठाऊक? सासूबाई म्हणाल्या, "चप्पल घाल." मला वाटलं मंदिरात. त्यांनी मला थेटरात नेलं! दुपारचा खेळ, दोघीच. मी जन्मात थेटरात गेले नव्हते, आणि त्या तर तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाशी भाव करायला लागल्या. मी ओढून आत नेलं. अंधार झाला, चित्र सुरू झालं. दोन मिनिटं त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. मग उठून उभ्या राहिल्या आणि मागं वळून सगळ्या थेटराला ऐकू जाईल असं ओरडल्या, "ए मशीनवाले! भिंग पूस!"

मी खुर्चीत बुडाले. लोक हसले, कोणीतरी शिटी मारली. आणि पंचे, वरच्या भोकात खरंच हात दिसला, फडकं दिसलं, आणि चित्र लख्ख झालं. सगळं थेटर टाळ्या वाजवायला लागलं. सासूबाई खाली बसल्या, पदर सारखा केला आणि पडद्यावरची नजर न हलवता माझा हात हातात घेतला.

मध्यंतर झालं तरी सोडला नाही.

तुझी,
राजी